चार्टवरचा चहा

दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. आमचं केअर होम तपासायला आलेल्या इन्स्पेक्टर बाईंनी अकरा नंबरच्या खोलीत टेबलावरचा फ्लुइड चार्ट, म्हणजे दिवसभरात काय किती प्यायलं याचा तक्ता, उचलला आणि एकेका ओळीवरून बोट खाली नेत शेवटच्या नोंदीवर थांबवलं. ‘चार वाजता, चहा, २०० मिली, पूर्ण प्यायल्या.’ बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग पलंगाकडे पाहिलं. आजी गाढ झोपल्या होत्या. चहाची ट्रॉली अजून खाली स्वयंपाकघरातच होती, कपबशांचा आवाज वरपर्यंत येत होता.

त्या काहीच बोलल्या नाहीत. वहीत एक ओळ लिहिली आणि पुढच्या खोलीत गेल्या. मी दारात उभी होते. माझी कानशिलं तापली होती.

नोंद करणारी मुलगी कामचुकार नव्हती, हे आधी सांगते. चारनंतर धांदल उडते, मग लिहायचं राहून जातं, म्हणून तिने मोकळ्या वेळात पुढचं लिहून ठेवलं होतं. चहा ती रोज देतच होती. पण एखाद्या दिवशी दुसऱ्याच खोलीत कुणी पडलं आणि हिचा चहा राहून गेला, तरी चार्ट २०० मिलीच सांगणार. शहाऐंशी वर्षांच्या बाईच्या पोटात दोन दिवस पाणी कमी गेलं की लघवीचा संसर्ग होतो, त्यातून भ्रम होतो, भ्रमात ती रात्री उठते, पडते आणि खुबा मोडतो. तेव्हा डॉक्टर चार्ट मागवतात, आणि चार्टवर सगळं छान असतं.

मी मिरजेला नर्सिंग केलं आणि गेली बरीच वर्षं इंग्लंडच्या उत्तरेला एका केअर होममध्ये काम करते. आमच्याकडे अडतीस जण राहतात. बहुतेक वयस्क आहेत, अर्ध्याहून जास्त जणांना स्मृतिभ्रंश आहे, आणि चौघे जन्मापासून बौद्धिक अक्षमता असलेले, आता पन्नाशी-साठीचे. मागच्या महिन्यात सांगलीहून मावशीचा फोन आला. तिचे धाकटे दीर, आमचे बापूकाका, असेच आहेत. चोपन्न वर्षांचे, पण स्वतःची अंघोळ, पैसे, औषध यातलं काही जमत नाही. आतापर्यंत मावशी करत होती, आता तिचेच गुडघे गेले. संस्था बघायला सुरुवात केली आहे. म्हणाली, “अगं, सगळे फरशी चकचकीत दाखवतात. तुमच्याकडे म्हणे सरकारी माणसं येऊन तपासतात, ती काय बघतात गं?” फोनवर पाऊण तास सांगितलं. तरी अर्धंच सांगून झालं, म्हणून आता नीट लिहून काढते.

येतं कोण?

इंग्लंडमध्ये हे काम केअर क्वालिटी कमिशन करतं. आम्ही नुसतं ‘सीक्यूसी’ म्हणतो, आणि म्हणताना आवाज जरा खाली येतो. २००८ च्या कायद्याने ही संस्था स्थापन झाली आणि १ एप्रिल २००९ पासून कामाला लागली. हॉस्पिटलं, दवाखाने, दंतवैद्य, केअर होम, घरी येऊन सेवा देणाऱ्या कंपन्या, सगळं हिच्याच अखत्यारीत. फक्त इंग्लंडपुरतं, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला वेगळ्या यंत्रणा आहेत. सीक्यूसीकडे नोंदणी नसताना असं होम चालवणं हा गुन्हा आहे. होमच्या रोजच्या कारभाराला जबाबदार म्हणून एका मॅनेजरचीही नावानिशी नोंदणी करावी लागते, म्हणजे उद्या काही झालं तर ‘आमच्यात असं कुणी एक नसतं हो’ म्हणायची सोय राहत नाही.

केअर होमची तपासणी बहुधा न कळवताच होते. सकाळी बेल वाजते, दारात ओळखपत्र घातलेले दोघे-तिघे उभे असतात. एक इन्स्पेक्टर, कधी सोबत औषधांची जाणकार व्यक्ती किंवा नर्स, आणि बऱ्याचदा एक असा माणूस, ज्याने स्वतः अशी सेवा घेतली आहे किंवा आपल्या आईवडिलांसाठी घेतली आहे. या शेवटच्या माणसाला आम्ही जास्त भितो. इन्स्पेक्टर नियम विचारतो. हा मात्र रहिवाशांच्या शेजारी बसून विचारतो, “रात्री तहान लागली तर काय करता?”

येण्याआधी त्यांनी बरंच वाचलेलं असतं. होममध्ये मृत्यू झाला, कुणाला गंभीर इजा झाली, कुणी अत्याचाराचा आरोप केला, पोलिसांना बोलवावं लागलं, तर ते सीक्यूसीला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. इथे एक गंमत आहे. ज्या होममधून वर्षभर काहीच कळवलं जात नाही, त्या होमवर खूष व्हायचं सोडून ते कान टवकारतात. चाळीस थकलेली माणसं एका छपराखाली राहतात आणि वर्षभरात कुणालाच काही लागत नाही?

पाच प्रश्न

तपासणी पाच प्रश्नांभोवती फिरते. सेवा सुरक्षित आहे का? तिचा उपयोग होतो का? वागणुकीत आपुलकी आहे का? ज्याची जशी गरज तशी ती बदलते का? आणि होम नीट चालवलं जातं का? प्रत्येकाला वेगळा दर्जा मिळतो आणि सगळ्यांचा मिळून एक. दर्जे चार: उत्कृष्ट, चांगलं, सुधारणा आवश्यक आणि अपुरं. हे सध्याचं रूप २०१४ पासूनचं. मिळालेला दर्जा होममध्ये येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा लावावाच लागतो आणि वेबसाइट असेल तर तिथेही. पूर्ण अहवाल सीक्यूसीच्या वेबसाइटवर कुणीही फुकट वाचू शकतो. मी नोकरी बदलताना आधी तोच वाचते, पगार मागाहून बघते.

सुरक्षिततेचा भाग ऐकायला रूक्ष, पण जीव याच भागात जातात. नळाचं गरम पाणी हे माझं आवडतं उदाहरण. टाकीतलं पाणी किमान ६० अंश सेल्सिअस तापलेलं हवं, नाहीतर त्यात लीजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि न्यूमोनिया होतो. पण तेच पाणी अंघोळीच्या टबात ४४ अंशांच्या वर येता कामा नये, कारण म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ, पाय बधिर, आणि चटका बसला तरी पटकन बाहेर येता येत नाही. म्हणून नळापाशी पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह असतो, आणि तो बिघडलेला नाही ना, हे थर्मामीटर लावून पाहून लिहून ठेवायचं असतं. खिडक्या १०० मिलिमीटरपेक्षा जास्त उघडत नाहीत ना, माणसांना उचलणारे होइस्ट दर सहा महिन्यांनी तपासून घेतले का, आग लागली तर प्रत्येकाला कसं बाहेर काढायचं याचा स्वतंत्र कागद आहे का, हे सगळं इथेच येतं. चांगल्या होममध्ये हा भाग तासाभरात उरकतो.

औषधांना जास्त वेळ लागतो. प्रत्येकाच्या नावाचा तक्ता असतो, गोळी दिली की सही. इन्स्पेक्टर पेटीतल्या गोळ्या मोजतात. अठ्ठावीस आल्या, अकरा दिल्याच्या सह्या आहेत, तर सतरा उरायला हव्यात. अठरा निघाल्या की कुणीतरी गोळी न देता सही केली. मॉर्फिनसारख्या औषधांच्या रजिस्टरवर दोघांच्या सह्या लागतात. पण सगळ्यात बारीक नजर असते ‘लागलं तर द्या’ म्हणून लिहिलेल्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांवर. कधी लागलं, कुणाला वाटलं लागलं म्हणून, आधी दुसरं काय करून पाहिलं? एखाद्या आजोबांना ही गोळी नेमकी शनिवार-रविवारी, माणसं कमी असताना जास्त दिलेली दिसली, तर तो आजोबांचा आजार नाही, होमचा आहे.

शिऱ्यातली गोळी

मावशीला सगळ्यात नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. आपल्याकडे आजी गोळी थुंकते म्हणून ती कुटून शिऱ्यात घालणं म्हणजे हुशारी. मीही घरी आजीला तशीच दिली आहे, गुळात दाबून. इथे तसं केलं तर माझी चौकशी लागेल.

२००५ चा मेंटल कपॅसिटी अॅक्ट सांगतो की प्रत्येक प्रौढ माणूस आपला निर्णय घेऊ शकतो, हेच गृहीत धरून चालायचं. घेऊ शकत नाही असं वाटत असेल तर ते दाखवून द्यायचं, आणि तेही त्या एका निर्णयापुरतं. पैशाचा हिशेब कळत नाही म्हणून शर्ट कुठला घालायचा हेही कळत नाही, असं नसतं. त्यामुळे गोळी लपवून द्यायची तर आधी पाहायचं: या बाईंना औषध न घेण्याचा परिणाम समजतो का? समजत असेल आणि तरीही नको म्हणत असतील तर विषय संपला, तो त्यांचा हक्क. समजत नसेल तर डॉक्टर, नर्स, घरचे लोक सगळ्यांनी मिळून ठरवायचं की हेच त्यांच्या हिताचं आहे का. फार्मासिस्टला विचारायचं की गोळी कुटली तर चालते का, कारण काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटल्या की एकदम अंगात जातात. मग हे सगळं लिहून ठेवायचं आणि अधूनमधून पुन्हा तपासायचं.

मावशी म्हणाली, “एका गोळीसाठी एवढं?” मी म्हटलं, मावशी, बापूकाकांना रोज शिऱ्यातून काहीतरी देतात आणि ते काय आहे हे तुला कुणी सांगत नाही, असं उद्या झालं तर? ती गप्प झाली.

याच कायद्यात एक तत्त्व आहे, जे आपल्या माणसांच्या पचनी पडत नाही. दुसऱ्याला शहाणपणाचा वाटत नाही असा निर्णय घेतला, एवढ्यावरून त्या माणसाला कळत नाही असं ठरत नाही. आमच्याकडे एक आजोबा आहेत, मधुमेह आहे, चहात तीन चमचे साखर लागते. आयुष्यभर खाणीत काम केलं, आता म्हणतात, उरलेत किती दिवस, साखर घाल. नवी केअरर प्रेमापोटी एकच चमचा घालायची आणि तीन घातली म्हणून सांगायची. इन्स्पेक्टरनी हे पकडलं ते चहाच्या चवीवरून नाही, आजोबांनीच तक्रार केली म्हणून. अहवालात ते ‘आपुलकी’ या सदरात गेलं, आमच्या विरोधात.

बंद दाराचंही तसंच. स्मृतिभ्रंशाच्या विभागाला आकड्यांचं कुलूप असतं; माणूस रस्त्यावर जाऊन हरवू नये म्हणून. कारण योग्यच, पण एखाद्या प्रौढ माणसाला बाहेर जाऊ न देणं म्हणजे त्याचं स्वातंत्र्य काढून घेणं, आणि त्यासाठी स्थानिक काउन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, रीतसर परवानगी लागते. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला. त्यात न्यायाधीश लेडी हेल यांनी लिहिलं, पिंजरा सोन्याचा असला तरी तो पिंजराच. आपल्या मराठीत हे आधीपासून आहे, त्यांनी ते कायद्यात आणलं.

कोपऱ्यात बसलेल्या बाई

जे बोलू शकतात त्यांना विचारता येतं. बोलू न शकणाऱ्यांचं काय? यासाठी ब्रॅडफर्ड विद्यापीठाबरोबर मिळून निरीक्षणाची एक पद्धत बसवली आहे. इन्स्पेक्टर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसतात आणि तीन-चार जणांवर लक्ष ठेवून दर पाच मिनिटांनी नोंद करतात: चेहरा आनंदी, उदास की कोरा? कशात गुंतले आहेत की नुसते बसले आहेत? कुणी जवळ आलं का, आलं तर कसं वागलं?

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मला वाटलं, बाई दमल्या असतील, बसल्यात जरा. नंतर त्यांनी जे वाचून दाखवलं त्याने घाम फुटला. टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम, बघतंय कुणीच नाही, पण आवाज मोठा. एक केअरर आजोबांना उभ्यानेच भरवतेय आणि त्यांच्या डोक्यावरून दुसरीशी सुट्टीच्या गप्पा मारतेय. एक आजी पस्तीस मिनिटं रुमालाची घडी घालतेय, मोडतेय. या वेळात चार जण तिच्या शेजारून गेले. एक थांबली, पण पुढ्यातला कप उचलायला. कुणी कुणाला ओरडलं नव्हतं, सगळे स्वच्छ होते, पोटभर जेवले होते. आणि तरीही पस्तीस मिनिटं एक बाई त्या खोलीत नव्हतीच म्हणा ना.

अँड्रिया सटक्लिफ २०१३ मध्ये प्रौढांच्या सेवांच्या मुख्य निरीक्षक झाल्या, तेव्हा त्यांनी इन्स्पेक्टरांना एक साधी कसोटी दिली होती, लोक तिला ‘मम टेस्ट’ म्हणत. ही जागा माझ्या आईसाठी चालेल का? ऐकायला भाबडं वाटतं, पण कोपऱ्यात बसलं की तोच प्रश्न उरतो.

आमच्याकडे काही वर्षं एक मराठी आजी होत्या. पन्नास वर्षं इंग्लंडात काढलेल्या, शाळेत नोकरी केलेल्या. स्मृतिभ्रंश वाढला तशी इंग्रजी आधी गेली. शेवटी मराठीच उरली, तीही कोकणातली. मी ड्युटीवर असले की बोलायचे, भात कालवून द्यायचे, त्या शांत असायच्या. मला फार अभिमान होता. इन्स्पेक्टरना मी हौसेने सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि तुम्ही सुट्टीवर गेल्यावर?”

मी त्या वर्षी तीन आठवडे मिरजेला जाऊन आले होते. त्या तीन आठवड्यांची पानं आम्ही काढली. ‘अस्वस्थ’, ‘ओरडल्या’, ‘जेवण नाकारलं’, ‘लागलं तर द्या’ची गोळी चार वेळा. त्या ओरडत काय होत्या, ते कुणाला कळलं नव्हतं. बहुतेक ‘पाणी’ म्हणत असाव्यात. मग आम्ही एक कार्ड केलं. पाणी, दुखतंय, संडास, थंडी, नको. समोर इंग्रजी अर्थ आणि उच्चार. ते त्यांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. महिन्याभरात रात्रपाळीचा रोमानियन मुलगा दारातून “आजी, पानी?” विचारायला लागला. ‘ण’ काही त्याला शेवटपर्यंत जमला नाही.

त्या दिवशी मला तपासणी खरी समजली. माझ्या एकटीच्या चांगुलपणावर चालणारी गोष्ट होमच्या नावावर जमा होत नाही. मी नसताना ती होते का, एवढंच ते बघत होते. फ्लुइड चार्टचंही तेच निघालं. नोंद करणाऱ्या मुलीबद्दल अहवालात अर्धी ओळ होती. खरा ठपका होता तो मॅनेजरने दर महिन्याला करायच्या तपासणीवर. तिथे ‘चार्ट पूर्ण भरलेले आहेत’ या रकान्यात सहा महिने बरोबरची खूण होती, आणि ती खरीही होती. चार्ट पूर्णच भरलेले होते, चार वाजायच्या आत. आम्हाला पाचपैकी दोन प्रश्नांत ‘सुधारणा आवश्यक’ मिळालं. दोन ठिकाणी तसं झालं की एकूण दर्जाही बहुधा तोच होतो. तो फलक आमच्या दारात वर्षभर होता. कच्चा अहवाल आला की त्यातल्या तपशिलाच्या चुका दाखवायला होमला कामाचे दहा दिवस मिळतात. आम्ही एक तारीख दुरुस्त करून घेतली. बाकी सगळं बरोबर होतं.

याहून वाईट निघालं तर पायऱ्या आहेत: लेखी ताकीद, नवे रहिवासी घ्यायला बंदी, दंड, खटला, आणि अगदी जिवावर बेतत असेल तर तातडीने नोंदणी रद्द. पण होम बंद करणं हा सोपा उपाय नाही. अडतीस म्हाताऱ्यांना आठवड्यात दुसरीकडे हलवणं हीदेखील इजाच असते.

आणि जे दिसत नाही ते

आता कडू भाग. ही यंत्रणा फसते, आणि फसली तेव्हा भयंकर फसली. ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं खासगी रुग्णालय होतं, बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी. मे २०११ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने तिथली मारहाण दाखवली. माणसांना जमिनीवर दाबून धरणं, केस ओढणं, कपड्यांसकट थंड पाण्याखाली धरणं. अकरा जणांवर गुन्हे सिद्ध झाले, सहा तुरुंगात गेले. तिथल्या एका नर्सने आधीच सीक्यूसीला कळवलं होतं, त्याचा पाठपुरावा झाला नव्हता. वाटलं, यातून शिकले असतील. २०१९ मध्ये ‘पॅनोरमा’नेच डरहॅम परगण्यातल्या व्हॉर्लटन हॉलमधला तसाच छळ दाखवला, आणि त्या जागेला सीक्यूसीने ‘चांगलं’ म्हटलेलं होतं.

असं कसं होतं? इन्स्पेक्टर येतात ते एक-दोन दिवस. छळ करणाऱ्यांना एवढा वेळ चांगलं वागता येतं. रहिवासी बोलू शकत नाहीत, घरचे लांब राहतात, स्टाफ एकमेकांचे मित्र-नातेवाईक, नवीन माणूस टिकत नाही. इथे याला ‘क्लोज्ड कल्चर’ म्हणतात. आपण म्हणू, वाडा आतून बंद. आता अशा खुणाच शोधायला सांगतात: लांबच्या जागा, वारंवार बदलणारे मॅनेजर, भेटायला आलेल्यांना दारातच थांबवणं.

शिवाय सीक्यूसी स्वतःच अडखळली आहे. २०२३ च्या अखेरीस त्यांनी नवी चौकट आणली. पाच प्रश्न तेच ठेवले, पण त्याखाली चौतीस विधानं आणि गुणांकन आलं, संगणक प्रणालीही नवी. त्यात इन्स्पेक्टरच गोंधळले. डॉ. पेनी डॅश यांनी सरकारसाठी केलेल्या पाहणीचा पहिला अहवाल जुलै २०२४ मध्ये आला. त्यानुसार तपासायचा अधिकार असलेल्या दर पाचातल्या एका ठिकाणाला आजवर कधीच दर्जा मिळालेला नव्हता. आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी तर ही संस्था आपल्या कामाला योग्य राहिलेली नाही, असंच सांगून टाकलं. म्हणून दारावर ‘चांगलं’ दिसलं की मी आधी खालची तारीख वाचते. सहा वर्षांपूर्वीचं ‘चांगलं’ म्हणजे सहा वर्षांपूर्वीची मॅनेजर चांगली होती, इतकंच.

एक गैरसमजही खूप आहे. सीक्यूसी एकेका माणसाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही. ती तक्रार आधी होमकडे, तिथे भागलं नाही तर इथल्या लोकपालाकडे, म्हणजे ‘ऑम्बड्समन’कडे. आणि कुणाचा छळ किंवा हेळसांड होत असल्याचा संशय असेल तर २०१४ च्या केअर अॅक्टनुसार चौकशी करणं स्थानिक काउन्सिलवर बंधनकारक आहे. पण सीक्यूसीला कळवलेलं वाया जात नाही. पुढच्या वेळी बेल कधी वाजवायची, ते अशा फोनांवरून ठरतं.

मावशीची फेरी

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांची सोय असलेल्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दिव्यांगांसाठीच्या संस्थेला नोंदणी लागते, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे मानसोपचार देणाऱ्या संस्थांनाही. २००१ मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीत साखळदंडाने बांधलेली २५ हून जास्त मानसिक आजारी माणसं आगीत जळून गेली, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. पण मिळालेला दर्जा दारावर टांगायचा आणि अहवाल कुणालाही घरबसल्या वाचू द्यायचा, ही पद्धत आपल्याकडे नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तिथे गाऱ्हाणं सांगता येतं. बापूकाकांसारख्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमून घेता येतो, त्यासाठी अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातो. मावशीला म्हटलं, हे आधी कर, तुझे गुडघे बरे असेतो.

मग इन्स्पेक्टरचं काम तिलाच करावं लागणार. तिला म्हटलं, नोंदणीचा दाखला माग आणि त्यावरची मुदत वाच. फरशी बघू नकोस. फिनाइलचा वास फार असला तर त्याखाली कसला वास आहे ते हुंग. जेवणाच्या वेळी जा, न कळवता. जे बोलू शकत नाहीत त्यांची नखं बघ आणि ओठ बघ, कोरडे आहेत का. रात्री किती माणसं असतात ते ऑफिसात विचार, आणि तोच प्रश्न स्वयंपाकघरातल्या बाईला विचार. कुठल्याही एका रहिवाशाकडे बोट दाखव आणि तिथल्या काळजीवाहकाला म्हण, यांच्याबद्दल सांगा. आजाराचं नाव सांगितलं तर त्याने फाइल वाचली आहे, एवढंच कळेल.

परवा तिचा फोन आला. दोन ठिकाणं बघून झाली. पहिल्या ठिकाणी ऑफिसात चहा-पोहे दिले, पण वर जाऊ दिलं नाही, ‘त्यांची विश्रांतीची वेळ आहे’ म्हणाले. सकाळचे अकरा वाजले होते. दुसरी जागा जुनी, भिंतीचे पोपडे उडालेले. तिथे एका मुलाकडे बोट दाखवून तिने विचारलं. काळजीवाहक म्हणाला, “हा होय? हा डाव्या कुशीवर झोपतो. रेडिओ उशाशी लागतो, बंद नका करू, आवाज बारीक करायचा. आणि वरण भातावर ओतलं की जेवत नाही, बाजूला द्यावं लागतं.”

“चार्टबिर्ट आहे का बघितलंस?” मी विचारलं.

“वही आहे. सकाळच्या औषधांच्या सह्या आहेत, रात्रीचा रकाना कोरा होता.”

“किती वाजता गेली होतीस?”

“साडेचार.”

शनिवारी रात्री आठनंतर ती पुन्हा जाणार आहे, न कळवता.